आमची वाटचाल: हलका लॅपटॉप आणि काउंटरवरचा वजनकाटा

आमच्या काउंटरवर लॅपटॉपच्या शेजारी एक डिजिटल वजनकाटा ठेवलेला असतो. लॅपटॉपच्या दुकानात काटा कशाला, असं नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण आमचा सगळा धंदा कसा घडला ते त्यात आहे. म्हणून आज ते लिहून काढतोय.

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. एक टेबल, त्यावर झुकणारा दिवा, सोल्डरिंगचं सामान आणि आम्ही दोघं भाऊ. मी मशीन उघडायचो, पावत्या करायचो, लोकांशी बोलायचो. धाकटा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बघायचा. त्या काळचा ऑफिसातला साधा लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास भरायचा. आत डीव्हीडी ड्राइव्ह, फिरणारी हार्ड डिस्क, गोल सेलांची जाडजूड बॅटरी, आणि बरोबर विटेएवढा चार्जर. पण उघडायला तो सोपा होता. खालची दोन झाकणं काढली की रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, आणि डिस्क समोर यायची.

मग नेटबुकं आली. २००७ च्या अखेरीस एसूसचा ई पीसी निघाला, ७ इंची पडदा आणि वजन एक किलोच्या आत. पुढच्या वर्षी इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर आला आणि जो तो कंपनीवाला तसलंच छोटं मशीन काढू लागला. लोक हरखून गेले, आम्हीही गेलो. वर्षभरात तीच मशीनं आमच्या टेबलावर यायला लागली. गंमत अशी की त्यांतल्या बऱ्याच मशीनांत बिघाड काहीच नसायचा. ‘चालू आहे हो, पण काम होत नाही,’ असं लोक सांगायचे. पहिल्या ई पीसीचा पडदा ८०० बाय ४८० चा. त्यावर हिशेबाचा तक्ता उघडला की चार रकाने दिसायचे आणि बाकीचे सरकवत बसावं लागायचं.

तिथे आम्हाला पहिली गोष्ट कळली. लॅपटॉप हलका असतो तेव्हा त्यातून काहीतरी काढलेलं असतं. काय काढलंय, हे विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

काही गोष्टी काढल्या ते चांगलंच झालं. लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क सुमारे १०० ग्रॅमची, तर तिच्या जागी येणारी एम.२ एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपांची पट्टी, १० ग्रॅमही भरत नाही. वजन गेलं, आवाज गेला, धक्क्याने डिस्क मरायची भीती गेली आणि वेग कितीतरी वाढला. डीव्हीडी ड्राइव्ह गेला त्याचंही कुणाला वाईट वाटलं नाही. हे वजन फुकटात कमी झालं असं मी म्हणेन. पण स्वस्त गटात कंपनीला एवढ्यावर भागवता येत नाही. मग कात्री लागते ती बॅटरीला, बिजागरीखालच्या धातूला आणि रॅम काढता-घालता येते त्या खाचेला. या तीन ठिकाणी काय केलंय, एवढं बघितलं तरी निम्मी निवड झाली.

हे शहाणपण आम्हाला महागात पडून आलं. विक्री नुकतीच सुरू केली होती, आणि एका शिकवणीवर्गाने मुलांसाठी हलके, स्वस्त बारा लॅपटॉप मागितले. आम्ही दिले. वजन छान, दिसायला सुबक. साठवणीला त्यात ३२ जीबीची ईएमएमसी होती, म्हणजे मोबाइलात असते तशी, बोर्डालाच चिकटवलेली मेमरी. निम्म्याहून जास्त जागा विंडोजनेच घेतली होती. सहा-सात महिन्यांत मोठा अपडेट आला आणि तो उतरायला जागाच उरली नाही. एकामागून एक मशीन अडकत गेलं. डिस्क बदलून देतो म्हणावं तर बदलायला डिस्कच नव्हती. बाराच्या बारा परत घेतले. भाऊ म्हणाला, ‘आपण रोज मशीनं उघडतो, आणि विकताना मात्र खोक्यावरचं वाचून विकलं.’ ते मला फार लागलं. त्या दिवसापासून दुकानात एक नियम आहे: जे मॉडेल आम्ही स्वतः उघडून पाहिलेलं नाही, ते काउंटरवर ठेवायचं नाही.

काटा आला तो एका मुलीमुळे. कॉलेजला रोज लांबून येणारी, दोन वाहनं बदलणारी. तिने आमच्याकडूनच घेतलेला लॅपटॉप परत आणला. म्हणाली, ‘काका, मशीन चांगलंय, पण माझा खांदा दुखतो. तुम्ही दीड किलो म्हणाला होतात.’ आम्ही कंपनीच्या पत्रकात वाचून तसं सांगितलं होतं. शेजारच्या दुकानातून काटा मागून आणला. लॅपटॉप भरला १ किलो ६४० ग्रॅम, चार्जर आणि त्याची जाड वायर ३६० ग्रॅम. म्हणजे ती रोज दोन किलो वाहत होती. पत्रकात ‘१.५ किलोपासून’ असं छापलेलं होतं, आणि ते ‘पासून’ आम्ही नीट वाचलं नव्हतं. कंपन्या बहुधा सगळ्यात हलक्या रचनेचं वजन छापतात. मोठी बॅटरी किंवा वेगळा पडदा घेतला की आकडा वर जातो.

दुसऱ्याच दिवशी काटा विकत घेतला. तेव्हापासून लॅपटॉप चार्जरसकट तोलून दाखवतो आणि शक्य असेल तर माणसाची बॅगही तोलतो. १४ इंची पडद्याचा, चार्जरसकट १ किलो ७०० च्या आत बसणारा लॅपटॉप रोज नेण्याजोगा, असा आमचा अंदाज पक्का झाला आहे. जो टेबलावरून हलणारच नाही, त्याने १५.६ इंची घ्यावा आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घालावेत. हलकेपणाचे पैसे मोजायचे तर तो हलकेपणा वापरला गेला पाहिजे.

चार्जरकडे लोक सर्वांत कमी बघतात. यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल, तर ६५ वॉटचा छोटा चार्जर मुठीत मावतो आणि तोच मोबाइललाही चालतो. मात्र यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यावर चार्जिंग होतंच असं नाही. काही स्वस्त मॉडेलांत त्यातून फक्त डेटा जातो. आम्ही गिऱ्हाइकासमोर चार्जर लावून दाखवतो.

आता बिजागरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या टेबलावर येणाऱ्या हलक्या लॅपटॉपांत सगळ्यात जास्त रडगाणं तिचंच असतं. पडद्याची बिजागरी लोखंडी असते. ती ज्या स्क्रूंनी खालच्या अंगाला धरलेली असते, ते स्क्रू पितळेच्या बारीक नटांत बसतात, आणि ते नट प्लास्टिकच्या खुंट्यांत गरम करून दाबलेले असतात. नट जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. कालांतराने बिजागरी घट्ट होते. माणूस सवयीने पडदा एका कोपऱ्याला धरून उघडतो, सगळा जोर त्या एका बाजूच्या खुंटीवर येतो, आणि एक दिवस बारीकसा ‘कट्’ असा आवाज होतो. पितळेचा नट प्लास्टिकचा तुकडा घेऊन बाहेर आलेला असतो. पुढच्या वेळी पडदा उघडताना खालचं कव्हर फाकतं आणि पडद्याची केबल ताणली जाते. लोक म्हणतात, पडला नाही, आपटला नाही, मग मोडला कसा? तो रोज थोडा थोडा मोडत होता.

दुकानात उभं राहून हे तपासता येतं. पडदा मधोमध एका बोटाने उघडा. खालचा भाग फार वर उचलला जात असेल, तर बिजागरी नको तितकी घट्ट आहे. मग पडदा हळू हळू मागे-पुढे करताना बिजागरीजवळच्या सांध्याकडे नजर ठेवा. तिथे फट उघडताना दिसली तर ते मशीन ठेवून द्या, कितीही हलकं असो. कीबोर्डच्या मधोमध बोट दाबून बघा. किंचित दबला तर चालेल, खोलगट झाला तर नको.

बॅटरीचं गणित साधं आहे, पण ते कुणी सांगत नाही. बॅटरीवर वॉट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते तो आकडा, लिहिलेले असतात. लेखन आणि ब्राउझर एवढंच काम असेल, तर हलका लॅपटॉप ६ ते ८ वॉट खातो. ४२ वॉट-अवरची बॅटरी असली तर ४२ भागिले ७, साधारण सहा तास. त्याच मशीनवर व्हिडिओ मीटिंग चालू केली की खप दुप्पट होतो आणि सहाचे तीन होतात. ‘दिवसभर चालते’ या शब्दांपेक्षा हा आकडा मागा. मशीन हलकं करण्यासाठी काही कंपन्या याच आकड्यावर हात मारतात. ३० च्या घरातली बॅटरी दिसली, तर चार्जर रोज बॅगेत ठेवावा लागणार हे धरून चाला, म्हणजे वाचवलेलं वजन परत आलंच.

२०२० साल वेगळंच होतं. घराघरांत एकाच वेळी शाळा आणि ऑफिस सुरू झालं आणि नवीन माल मिळेना. त्या वर्षी आम्ही विकले थोडे, जिवंत केले पुष्कळ. कपाटाच्या वरच्या फळीवरून काढलेले जुने लॅपटॉप यायचे. हार्ड डिस्क काढून एसएसडी, ४ च्या जागी ८ जीबी रॅम, आतली धूळ साफ, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी वर्गात हजर. भावाने रात्र रात्र जागून काम केलं. ज्या मशीनांत रॅमची खाच होती ती वाचली. ज्यांत रॅम बोर्डाला सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली होती, त्यांच्या मालकांना हात जोडून परत पाठवावं लागलं.

म्हणून आजही आमचा सल्ला ठाम आहे. खाच असेल तर ८ जीबीने सुरुवात करा, पुढे वाढवता येईल. रॅम सोल्डर केलेली असेल आणि मशीन चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर पोटाला चिमटा काढून १६ जीबीच घ्या. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे हे खरं, पण त्यात विंडोज कसंबसं उभं राहतं, तुमच्या कामाला जागा उरत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत नावाच्या मोठेपणावर जाऊ नका. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या दोन नावांत एकाच आकड्याचा फरक. पण पहिल्यात चार कोर, म्हणजे काम करणारे स्वतंत्र भाग, आहेत, तेही जुन्या झेन २ रचनेचे. दुसऱ्यात सहा, झेन ३ चे. त्या मालिकेत तिसरा आकडा रचना कोणती ते सांगतो. इंटेलचा एन१०० अवघ्या ६ वॉटचा आहे. नोट्स, ब्राउझर, व्याख्यानं बघणं एवढ्यासाठी बरा, पण मीटिंग चालू ठेवून मोठा तक्ता उघडणाऱ्याची त्यावर चिडचिड होते. ऑफिसच्या कामाला त्यापेक्षा कोर आय३ १२१५यू सारखा, सहा कोरांचा प्रोसेसर पुष्कळ होतो. अभ्यास आणि ऑफिस यांसाठी आय७ घेणाऱ्याला आम्ही थांबवतो. विक्री कमी होते, पण तो माणूस परत येतो.

पडदा १९२० बाय १०८० चा आणि आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न उलटणारा, असावा, एवढं तरी बघाच. १३६६ बाय ७६८ चे टीएन पडदे अजून कुठे कुठे मिळतात. जरा बाजूने बघितलं की रंग उलटतात, आणि रोज पाच तास त्यात वाचायचं असतं.

सध्या आमच्याकडे गर्दी आहे ती विंडोज १० वाल्यांची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. बऱ्याच चांगल्या मशीनांना विंडोज ११ घेता येत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. अशांना नवीनच घ्या असं आम्ही म्हणत नाही. घरातल्या मुलाच्या अभ्यासापुरतं लागणार असेल तर त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही फुकट प्रणाली घालून देतो. आणि आठव्या पिढीपुढचा, ऑफिसांतून परत आलेला वापरलेला लॅपटॉप कमी पैशांत मिळत असेल, तर तो नव्या तकलादू मशीनपेक्षा मला केव्हाही पसंत. त्यांच्या बिजागऱ्या धातूवर बसवलेल्या असतात आणि सुटे भाग मिळतात. फक्त विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढून बघा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही त्यात लिहिलेली असते.

मागच्या महिन्यात ती खांदेदुखीवाली मुलगी परत आली होती. आता नोकरी करते. तिचं पहिलं मशीन आम्ही तेव्हा बदलून दिलं होतं आणि त्या दुसऱ्याची बॅटरी दमली होती. अहवालात मूळची ४२ वॉट-अवर, आता २७. दहा स्क्रू, एक जोडणी, अर्ध्या तासाचं काम. बरोबर धाकटा भाऊ होता, त्याला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. आम्ही कपाट उघडायच्या आधीच तिने भावाच्या खांद्यावरची बॅग उतरवली आणि काट्यावर ठेवली. ५ किलो ३००.

‘यात किती मावेल ते सांगा, काका,’ ती म्हणाली, आणि आम्ही आधी बॅगेतली पुस्तकं बाहेर काढून रोज कुठली लागतात ते बघायला बसलो.