तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडचं 'रांडेच्या'

"बेळगावकडं आजोबा नातवाला लाडानं 'रांडेच्या' म्हणतात, हे कसं काय?" पुण्या-मुंबईचे पाहुणे हे नेहमी विचारतात. ऐकून दचकलेले असतात, म्हणून नीट सांगते.

खानापूर, निपाणीकडं या शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. "काय रांडेच्या, हाईस कुठं?" यात जिव्हाळा आहे. तोच शब्द बांधाच्या भांडणात दात आवळून आला की डोकी फुटतात. मोटार चालू होईना झाली की तीही "रांडेची" होते. तिथं नुसता वैताग.

पण मूळ अर्थ वेगळा आहे. संस्कृत 'रण्डा' म्हणजे विधवा, त्यावरून रांड. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ आहे, आणि खेड्यात विधवेला आजही 'रंडकी' म्हणतात. वेश्या हा अर्थही त्याच शब्दाला चिकटला, कारण नवरा नसलेल्या बाईकडं समाज संशयानंच बघत आला. म्हणजे शिवी बाप नसलेल्या पोराला आहे, आणि त्याच्याआधी त्याच्या आईला. कानडीही यात मागं नाही. तिथली 'बोळीमगा' ही शिवी म्हणजे केशवपन केलेल्या बाईचा मुलगा; आपल्या 'बोडकी'ची सख्खी बहीणच. दोन भाषांचा सीमेवरून एवढा वाद, पण विधवेला हिणवण्यात दोघींचं एकमत आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर तर हा शब्द शिवी नाहीच, तिथीचं नाव आहे. मार्गशीर्षातली पौर्णिमा म्हणजे रांडाव पुनव. जमदग्नी मारला गेला, देवी विधवा झाली, म्हणून त्या दिवशी बांगड्या फोडायची प्रथा. पुढं अहेव पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते. देवीला परत चुडा मिळतो, गावातल्या बाईला मिळत नाही.

सीमेपलीकडं शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ती बातमी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली होती.

लाडानं म्हणणाऱ्या आजोबांचा मला राग नाही, त्यांच्या मनात खरंच माया असते. आमच्या पोरांना मात्र मी तो शब्द वापरू देत नाही. हाक मारायला 'गड्या' आहे, 'लेका' आहे, 'मर्दा' आहे, कानडीतला 'तम्मा' आहे.