विचार बदलताना दिसतो तेव्हा

विद्यापीठात शिकवण्याचं समाधान कशात आहे? माझ्या मते, समोरच्याचा विचार आपल्या डोळ्यांदेखत बदलतो त्यात. पण तासभर आपणच बोलत राहिलो तर हा बदल झाला तरी दिसत नाही. माना हलतात, वह्या भरतात आणि कोणाला काय कळलं ते उत्तरपत्रिका तपासायला बसेपर्यंत झाकलेलंच राहतं.

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली रीत मला म्हणूनच मोलाची वाटते. मुद्दा थोडक्यात मांडून संकल्पनेवरचा एक प्रश्न विचारायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं चर्चा, मग पुन्हा उत्तर. त्याहून कमी आली तर मुद्दा नव्याने शिकवायचा. जास्त आली तर चटकन खुलासा करून पुढे जायचं.

खरी मेहनत प्रश्न निवडण्यात आहे. सूत्रात आकडे घालून सुटणारा प्रश्न इथे कुचकामी. हा प्रश्न बघा: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूला पोचला, तिथे त्याचं त्वरण किती? पुष्कळ जण शून्य म्हणतात, कारण वेग आणि वेग बदलण्याचा दर यांची गल्लत होते. मग शेजारी विचारतो, ‘त्वरणही शून्य असेल तर चेंडू तिथेच लटकून नाही का राहणार?’ हेच वाक्य फळ्याजवळून आपण म्हटलं तर ते फक्त उतरवून घेतलं जातं. विद्यार्थ्याला ते स्वतः सुचलं की पक्कं होतं, आणि ते सुचताना ऐकायला मिळणं ही शिक्षकाची कमाई.

ही रीत फसते ती घाईमुळे. एकट्याने विचार करायची पायरी गाळली की वर्ग मोठ्या आवाजाच्या मागे जातो. पहिली मोजणी लगेच फळ्यावर मांडली तर सगळे बहुमताकडे झुकतात आणि चर्चा तिथेच संपते. शांतता असह्य होऊन आपणच उत्तर देऊन टाकतो, हा तर नेहमीचा दोष. निदान तीन सेकंद तरी थांबावं.

पदव्युत्तर प्रकल्पात हे समाधान सावकाश मिळतं. मसुद्यावर गुण आणि शेरे एकदम दिले की नजर गुणांवरच जाते. म्हणून आधी दोन-तीनच नेमके शेरे, मग सुधारित मसुदा, गुण शेवटी. असं काम करणारा विद्यार्थी एक दिवस मोजमापं घेऊन येतो आणि म्हणतो, ‘सर, आपण धरलेलं गृहीतक इथे टिकत नाही.’ तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवावं, त्याच्याबरोबर बसून आकडे तपासावेत आणि त्याचं बरोबर निघालं तर सगळ्या गटासमोर तसं सांगावं.