उभ्या गाडीत इंजिन का तापते: निदानाचा माझा अनुभव

आमच्या पेट्रोल गाडीची तक्रार स्पष्ट होती. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावरून हलत नसे, पण गर्दीत गाडी जागेवर उभी राहिली की थोड्याच वेळात तो वर सरकू लागे, आणि एसी चालू असेल तर आणखी लवकर. गाडी पुन्हा पळू लागली की काटा आपोआप खाली येई. या एवढ्या निरीक्षणात निम्मे निदान असते, असे माझे ठाम मत आहे. गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर (इंजिनातून आलेले गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हवेने थंड करणारा भाग) थंड ठेवतो आणि फॅनला फारसे काम उरत नाही. उभ्या गाडीत मात्र हवा ओढून घेण्याचा सगळा भार फॅनवर येतो. याउलट आतून चोंदलेला रेडिएटर किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) बहुधा चढावर किंवा वेगात, म्हणजे इंजिन जास्त उष्णता निर्माण करत असताना, आधी उघडा पडतो.

तरीही मला मिळालेले सल्ले भाग बदलण्याचेच होते. एकाने नवा रेडिएटर बसवायला सांगितले, तर दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगितले. हा दुसरा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. थर्मोस्टॅटशिवाय इंजिनाला नेमक्या तापमानापर्यंत पोचायला फार वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जळते आणि झीजही वाढते. शिवाय मूळ दोष हवेचा असेल, तर उभ्या गाडीतले तापमान त्यानंतरही चढतच राहते. म्हणून आधी मोजायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा, असे मी ठरवले.

काटा खरे सांगतो का, हे सर्वांत आधी पाहणे आवश्यक होते. बहुतेक गाड्यांत हा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो आणि कूलंटचे तापमान बऱ्याच अंशांनी बदलले तरी तो मध्यावरच राहतो. त्यामुळे तो हलू लागतो तेव्हा तापमान आधीच बरेच चढलेले असते. मी निदानाच्या सॉकेटला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणारे यंत्र, जोडला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे तापमान आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखेच दिसले, म्हणजे थंड स्थितीत तरी सेन्सर विश्वासार्ह होता. त्याच वेळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मी कूलंटचे झाकण उघडून त्याची पातळी आणि रंग पाहिला आणि झाकणाचे रबर तपासले. इंजिन गरम असताना हे झाकण कधीही उघडू नये. आतला दाब साधारण एक बार असतो, त्या दाबामुळेच कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, आणि तो दाब अचानक सुटला की उकळते द्रव थेट अंगावर येते. माझ्या गाडीत पातळी योग्य होती. कूलंटमध्ये इंजिनातला वायू मिसळतो का, हे दाखवणाऱ्या निळ्या द्रवाचा रंगही पिवळा झाला नाही, म्हणून हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलचा) संशय बाजूला ठेवता आला.

त्यानंतर मी गाडी सावलीत उभी करून, एसी बंद ठेवून, जागेवरच चालू ठेवली. तापमान 86 अंशांच्या आसपास पोचताच रेडिएटरचा वरचा पाइप एकदम गरम झाला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडत होता. 96 अंशांवर फॅन सुरू झाला. येथे तापमान खाली यायला हवे होते, पण ते सावकाश चढतच राहिले आणि 104 अंशांच्या पुढे गेले. मग मी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर धरले. फेऱ्या वाढल्या की वॉटर पंप जास्त कूलंट फिरवतो. दोष पंपाचा असता तर तापमान उतरण्याची शक्यता होती, पण ते तसूभरही उतरले नाही. केबिनचा हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात सोडला, तेव्हा मात्र ते दोन-तीन अंशांनी खाली आले. कूलंट व्यवस्थित फिरत होते आणि त्याची उष्णता वाहून नेणारी हवा कमी पडत होती, हाच याचा अर्थ होता.

पण फॅन तर फिरत होता. डोळ्यांनी पाहिले तर जोरातच फिरत होता, आणि नेमके याच ठिकाणी बहुतेक तपासण्या थांबतात. फॅन फिरणे आणि फॅनने पुरेशी हवा ओढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एक साधा कागद पुढच्या जाळीवर धरला. फॅनने तो खेचून चिकटवून ठेवायला हवा होता, पण हात काढताच तो घसरून पडला.

मग मल्टिमीटर घेतला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते. फॅनचा कनेक्टर वेगळा करून वायरिंगच्या बाजूला मोजले तर तेथेही पूर्ण व्होल्टेज दिसले. हे मोजमाप फसवे असते, कारण भार नसताना, म्हणजे विद्युतप्रवाह वाहत नसताना, खराब जोडातूनही पूर्ण व्होल्टेज मिळते. म्हणून कनेक्टर पुन्हा जोडून, फॅन फिरत असताना, मोटरच्या बाजूच्या तारांवर बारीक टाचणीने मोजले: फक्त 10.8 व्होल्ट. तीन व्होल्टपेक्षा जास्त कुठेतरी वाया जात होते. पॉझिटिव्ह बाजूला, म्हणजे फ्यूज, रिले (फॅन चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आणि तारा मिळून, 0.4 व्होल्टची घट होती, ती चालण्यासारखी होती. उरलेली 2.7 व्होल्टची घट अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह, बाजूला होती, आणि ती कनेक्टरच्या एकाच पिनमध्ये होती: पिनच्या पलीकडे वायरिंगच्या बाजूला मोजले की घट जवळजवळ नाहीशी होत होती.

कनेक्टर उघडून बघितला तेव्हा त्या पिनभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी पडून कडेने वितळले होते, पिनची पकड सैल झाली होती आणि धातूवर काळसर थर जमला होता. फॅन सुमारे 15 अँपिअर घेत होता, 2.7 व्होल्टने गुणले तर त्या इवल्याशा पिनमध्ये जवळजवळ 40 वॉट उष्णता तयार होत होती. एवढ्या उष्णतेने पकड आणखी सैल होते, सैल पकडीने उष्णता वाढते, आणि फ्यूज मात्र कधीच उडत नाही, कारण विद्युतप्रवाह वाढत नसून कमी होत असतो.

बॅटरीची तार काढून नवा कनेक्टर योग्य जाडीच्या तारांसह बसवला. इग्निशन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे तेथे हात घालण्यापूर्वी तार काढणे गरजेचेच आहे. आता फॅनवर 13.3 व्होल्ट मिळू लागले आणि कागद जाळीला चिकटून राहिला. एसी बंद असताना तापमान 92 ते 97 अंशांत राहू लागले, पण एसी लावला की ते अजूनही 102 पर्यंत जाई. म्हणून मी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेला, एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्चचा प्रकाश टाकला. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, पण त्याच्या मागे, रेडिएटरच्या तोंडावर, धूळ, पिसे आणि किडे यांचा जाड थर बसला होता. वरचे ब्रॅकेट सोडून रेडिएटर थोडा मागे झुकवला आणि कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुतला. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या पातळ फिन (धातूच्या पट्ट्या) वाकतात आणि हवेची वाट उलट बंद होते.

सगळे परत बसवल्यावर एसी पूर्ण चालू ठेवून गाडी बराच वेळ जागेवर उभी केली. तापमान 98 अंशांच्या वर गेले नाही. ही चाचणी मी मुद्दाम बॉनेट बंद ठेवून केली, कारण उघड्या बॉनेटखालून गरम हवा सहज निसटते आणि गर्दीत अडकलेल्या गाडीची खरी परिस्थिती स्कॅनरवर दिसत नाही.