सिथियन धर्माची पुनर्मांडणी : तलवारीकडून चुलीकडे

सिथियन, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील प्राचीन भटके लोक. त्यांच्या धर्माच्या पुनर्मांडणीतील देवतांच्या क्रमाचे काम आता पूर्ण झाले असून त्यातून माझ्या संपूर्ण आराखड्याचा मध्यच बदलला आहे. सिथियन धर्माची आज पुनर्मांडणी करू पाहणारे बहुतेक अभ्यासक अकिनाकेस, म्हणजे सिथियनांची आखूड लोखंडी तलवार, मधोमध ठेवतात, कारण ती डोळ्यांत भरते आणि तिच्याभोवतीचे वर्णनही थरारक आहे. यापुढे माझ्या मांडणीत त्या जागी चूल असेल. या निर्णयामागची कारणे सविस्तर नोंदवतो, म्हणजे ज्यांना तो पटणार नाही त्यांना नेमका कोठे आक्षेप घ्यावा हे कळेल.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या ग्रंथात दिलेल्या सिथियन देवतांच्या यादीत पहिले नाव तबितीचे आहे. ग्रीकांच्या हेस्टियाशी, म्हणजे चुलीतील अग्नीच्या देवीशी, तो तिची सांगड घालतो. पापाइओस, म्हणजे ग्रीकांचा झ्यूस, आणि त्याची पत्नी अपि, म्हणजे पृथ्वी, ही दोघे तिच्या मागून येतात. पर्शियाचा सम्राट दारियस याने शरण येण्याचा निरोप पाठवला तेव्हा सिथियन राजा इदान्थिर्ससने दिलेल्या उत्तरात, आपला पूर्वज झ्यूस आणि सिथियनांची राणी हेस्टिया यांच्याखेरीज आपण कोणालाही धनी मानत नाही, असे म्हटले आहे. राजा आजारी पडला की कोणीतरी राजाच्या चुलीची खोटी शपथ घेतली असावी असे भविष्यवेत्ते सांगत, कारण ती शपथ सर्वांत मोठी मानली जाई. यादी, राजकीय उत्तर आणि आजारपण या तीन अगदी वेगवेगळ्या संदर्भांत तीच देवी पुढे येते, हे मला निर्णायक वाटते.

आता तलवारीकडे पाहू. हिरोडोटस ज्याला ग्रीकांचा युद्धदेव आरेस म्हणतो त्या देवाचे स्थान उभारण्यासाठी लांबी-रुंदीला प्रत्येकी तीन स्टेडिया (ग्रीकांचे अंतराचे माप) भरेल एवढा काटक्यांचा ढीग रचत, त्यावर चौकोनी ओटा करून अकिनाकेस उभी करत आणि दरवर्षी 150 गाड्या काटक्यांची भर घालत. याच लोकांच्या प्रदेशात लाकूड इतके दुर्मीळ होते की बळीचे मांस शिजवण्यासाठी त्याच प्राण्याची हाडे जाळावी लागत, असेही हिरोडोटस लगेच आधी सांगतो. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचली की तलवारीची पूजा हा प्रत्येक जिल्ह्याने सामूहिक खर्चाने करावयाचा उत्सव होता, घरातील उपासना नव्हे, हे स्पष्ट होते. शिवाय शंभर युद्धकैद्यांमागे एकाचा बळी हा त्या उत्सवाचा भाग होता. तो वगळून नुसती तलवार भिंतीवर टांगणे ही सजावट झाली, पुनर्मांडणी नव्हे.

चूल मधोमध आणल्यावर एक अवघड प्रश्न समोर येतो आणि या टप्प्यातील माझा बहुतेक वेळ त्यावरच गेला. आपल्याकडे अग्नी म्हटले की हात आपोआप तुपाच्या आहुतीकडे जातो. सिथियनांबाबत मात्र मूळ वर्णन नेमके उलट आहे. बळी देताना अग्नी पेटवत नसत, आरंभीचे अर्पण करत नसत आणि पेयही ओतत नसत. देवतेचे नाव घेऊन दोरीने गळा आवळत आणि मांस शिजल्यानंतर त्याचा व आतड्यांचा पहिला भाग आपल्या समोर फेकत. म्हणजे ज्या लोकांची पहिली देवी चुलीची होती, ते अग्नीत काहीही अर्पण करत असल्याचा या वर्णनात उल्लेख नाही. माझा निष्कर्ष असा की त्यांच्या दृष्टीने अग्नी हा देवांकडे वस्तू पोहोचवणारा दूत नसून घराचा आणि शपथेचा साक्षी होता. म्हणून माझ्या विधीत होम नाही. विकत आणलेले मटण आणि काळीज चुलीवर शिजते, तबितीचे नाव प्रथम घेतले जाते आणि पहिला तुकडा समोरच्या जमिनीवर टाकला जातो. डुकराचे मांस मी पूर्णपणे वर्ज्य ठेवले आहे, कारण सिथियन ते बळीसाठी वापरत नसत आणि आपल्या प्रदेशात डुकरे पाळतही नसत.

भविष्यकथनासाठी ते विलोच्या काठ्यांच्या मोळ्या वापरत. आपल्याकडील नदीकाठचा वाळुंज हा त्याच कुळातील असल्याने त्याच्या सरळ फांद्या सोलून वाळवल्या आहेत. मोळी जमिनीवर सोडणे, एकेक काठी वेगळी मांडत बोलणे आणि पुन्हा गोळा करणे एवढाच क्रम माहीत आहे, त्यामुळे तेवढाच पाळतो. एनारी या भविष्यवेत्त्यांच्या वेगळ्या वर्गाची, लिंडन वृक्षाच्या सालीने भविष्य सांगण्याची पद्धत तूर्त बाजूला आहे.

सर्वांत समाधान देणारे काम लेपाचे झाले. सिथियन स्त्रिया सायप्रस, देवदार आणि धूपवृक्षाचे लाकूड खरबरीत दगडावर पाण्यासह कुटून त्याचा दाट लेप अंगाला व चेहऱ्याला लावत आणि दुसऱ्या दिवशी काढत. मी सहाण वापरली. देवदार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो आणि साळई ही धूपवृक्षाच्याच प्रजातीतील असल्याने तिची वाळकी फांदी घेतली. सायप्रस बागेतील आहे. चंदन उगाळावे तसा हा लेप उतरत नाही, आधी चुरा करून भिजवावा लागतो, पण त्याचा सुगंध दुसऱ्या दिवशीही त्वचेवर राहतो आणि वर्णनाशी तो जुळतो.

अंत्यविधीनंतरच्या शुद्धीचा तंबू मात्र अपूर्ण आहे. तीन काठ्या, त्यांवर ताणलेले लोकरीचे नमदे, मध्ये तापलेले दगड आणि त्यांवर भांगेचे बी, असे हे वर्णन अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील दुसऱ्या कुर्गानने, म्हणजे दफनटेकाडाने, बळकट केले. तेथे पुरातत्त्वज्ञ रुडेंकोंना तंबूच्या काठ्या आणि दगडांसह जळके बी असलेले कांस्यपात्र सापडले. नमद्याऐवजी मी घोंगड्या वापरल्या, दगड बाहेर तापवले आणि बी वगळले. बदली म्हणून दुसरी वनस्पती घातलेली नाही. जे नाही ते नाहीच, असे नोंदीत राहू द्यावे.

रिकाम्या जागा भरण्यासाठी कॉकेशसमधील ओसेतियाकडे पाहण्याचा मोह होतो आणि तो अस्थानी नाही. ओसेत लोक सिथियनांशी भाषेने जवळच्या अलानांचे वंशज आहेत, चुलीवरील साखळी त्यांच्याकडे पवित्र आहे आणि नार्त कथांतील, म्हणजे त्यांच्या वीरकथांतील, नायक बत्राझ व त्याच्या तलवारीचा सिथियन आरेसशी असलेला संबंध फ्रेंच अभ्यासक द्युमेझिलने दाखवला आहे. परंतु त्यांचा देव उआस्तिर्जी हा संत जॉर्जशी एकरूप झालेला आहे. मधल्या दोन सहस्रकांचा थर त्या परंपरेवर आहे. शिवाय तो त्यांचा जिवंत धर्म आहे, आपल्यासाठी सुट्या भागांचे कोठार नव्हे. म्हणून तेथून घेतलेली प्रत्येक तुलना वहीत वेगळ्या शाईने लिहिली जाते आणि विधीत उतरत नाही.

शक हे सिथियनांचेच नातलग, म्हणून काहींनी नाशिकच्या पांडवलेण्यांबद्दल विचारले आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात शक होता, हे तेथील लेखांतून दिसते, परंतु ते लेख भिक्षूंना दिलेल्या लेण्याचे आणि ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचे आहेत. आपल्या भूमीवरचे शक त्या काळापर्यंत येथील धर्मात मिसळले होते, त्यामुळे तबितीच्या शोधात त्यांची साक्ष उपयोगी पडत नाही.

यापुढे कुल-ओबा आणि चेर्तोम्लिक या सिथियन दफनटेकाडांतील सोन्याच्या पत्र्यांचे काम हाती घेतले आहे. हातात आरसा घेऊन बसलेली स्त्री आणि तिच्यासमोर शिंगातून पिणारा पुरुष, असे हे दृश्य आहे. तिला कोणी तबिती मानतात, कोणी अर्गिम्पासा, म्हणजे हिरोडोटस जिची सांगड ग्रीकांच्या अफ्रोडाइटीशी घालतो ती देवी. मांडणीत तबितीच्या शेजारी आरसा ठेवायचा की नाही, हे त्यावर ठरेल; तोवर चुलीजवळची ती जागा मोकळी ठेवली आहे.