ऑनलाइन कन्व्हेन्शनमध्ये मराठी टेबल चालवलं, त्याची गोष्ट

जळगावात घरी बसून अमेरिकेतल्या एका ऑनलाइन कन्व्हेन्शनमध्ये डी अँड डीचं, म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या गोष्ट रंगवत, फासे टाकत खेळायच्या खेळाचं, मराठी टेबल (एका गटाचा एक खेळ) चालवून झालं. खेळ फार छान रंगला. पण त्याआधी फॉर्ममधल्या वेळेच्या एका खान्यानं जो मनस्ताप दिला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

बाकीचा फॉर्म सरळ होता. खेळाचं नाव, सिस्टीम (म्हणजे कोणते नियम), खेळाडू किती, वयोगट, कोणती सेफ्टी टूल्स (कुणाला नको असलेला विषय टाळायच्या युक्त्या) वापरणार. भाषांच्या यादीत मराठी नव्हती, म्हणून 'इतर' निवडलं आणि वर्णनात मराठीतच लिहिलं. मग आली वेळ.

अमेरिकेचा पूर्व किनारा हिवाळ्यात यूटीसीच्या, म्हणजे जगभर धरतात त्या प्रमाणवेळेच्या, पाच तास मागे असतो, ती ईएसटी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. मधल्या काळातली वेळ ईडीटी, म्हणजे यूटीसीच्या चार तास मागे. कन्व्हेन्शन होतं जुलैत, आणि फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'सर्व वेळा ईएसटीमध्ये'.

आता सकाळचे दहा निवडले तर आपल्याकडे किती वाजणार? ईडीटी धरली तर संध्याकाळचे साडेसात, खरोखरची ईएसटी धरली तर साडेआठ. चार तासांचा स्लॉट. साडेसातला सुरू झालं तर साडेअकराला सुटतं. साडेआठला सुरू झालं तर साडेबारा होतात, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी असलेला माणूस मधूनच उठून जातो. शिवाय खान्यात फक्त पूर्ण तास. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या देशाचा विचारच तिथे कुणी केलेला नव्हता.

मी आयोजकांना मेल टाकला. उत्तर आलं की सर्व वेळा ईएसटीमध्ये आहेत. पुन्हा विचारलं की ईएसटी की ईडीटी, जुलैत तर तिकडे ईडीटी असते. ये रे माझ्या मागल्या, तेच वाक्य परत. इकडे नोंदणी उघडली आणि टेबल भरायला लागलं. धुळ्याचा आणि चोपड्याचा असे दोन खेळाडू ईएसटीचं गणित करून साडेआठ धरून बसले. न्यू जर्सीतल्या एक ताई स्वतःच्या घड्याळात दहा पाहून निश्चिंत. एकाच टेबलाचे लोक तासाभराच्या फरकानं येणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ज्यांच्या हातात दुरुस्ती होती त्यांना ते पटेना. ही मंडळी बिनपगारी राबतात, त्याबद्दल आदरच आहे. पण एका अक्षराची दुरुस्ती करायला काय जात होतं?

शेवटी प्रश्नच बदलला. ईएसटी, ईडीटी दोन्ही शब्द टाळले आणि त्यांच्या डिस्कॉर्डवर (गप्पांच्या ॲपवर) विचारलं, "माझा खेळ सुरू होईल तेव्हा यूटीसी १४:०० असेल का? हो किंवा नाही." लगेच 'हो' आलं. जीव भांड्यात पडला. तुम्हालाही हेच करायला सांगेन: यूटीसीत विचारा, लेखी घ्या, आणि नोंदणी उघडायच्या आधी घ्या. खेळाडूंना कळवताना डिस्कॉर्डचा टाइमस्टॅम्प टाका. तो ज्याला त्याला त्याच्या घड्याळातली वेळ दाखवतो, गणिताचा प्रश्नच राहत नाही. आणि कन्व्हेन्शन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारला आलं तर फारच जपा. शनिवारचा आणि रविवारचा हिशेब वेगळा असतो.

खेळाच्या दिवशी सगळे साडेसातला हजर. गोष्ट तापीच्या पुराची घेतली होती: हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेत, पलीकडच्या गावात औषध पोहोचवायचंय, आणि नावाडी दोर सोडायला तयार नाही. "भो, पानी वाढी राह्यनं," एवढं मी नावाड्याच्या तोंडी घातलं आणि चोपड्याच्या खेळाडूनं तिथल्या तिथे अहिराणीतच घासाघीस सुरू केली. ताईंना अहिराणी येत नव्हती, पण त्यांनी सरळ दोर धरला. कठीणता १५, म्हणजे निदान १५ तरी हवे होते; फासा पडला १४, पात्राच्या ताकदीचे २ मिळवून १६. नाव सुटली. इंग्रजीत हेच टेबल मी बऱ्याचदा चालवलंय, पण अशी मजा कधी आली नव्हती. नावाड्याचा आवाज काढताना माझाच गळा भरून आला होता.

नकाशासाठी आउलबेअर रोडिओ ही वेबसाइट वापरली, कारण खेळाडूंना खातं उघडावं लागत नाही. फाउंड्री हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर मला आवडतं, पण ते घरच्या कॉम्प्युटरवरून चालवायचं तर राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडावा लागतो, आणि कनेक्शन सीजीनॅटच्या मागे असेल, म्हणजे कंपनीनं एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असेल, तर ते जमत नाही. मोबाईल इंटरनेटवर तर सहसा तसंच असतं. आधी तपासून घ्या. पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीत धरून राउटरला छोटा यूपीएस लावा, लॅपटॉपची बॅटरी स्वतःचं बघून घेते.

कॅरेक्टर शीट (खेळाडूच्या पात्राची माहिती लिहायचा कागद) मराठीत करून वाटता येतात का, असं दोघातिघांनी विचारलं. येतात. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१ हा दस्तऐवज, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुले आहेत. श्रेय द्यायचं आणि बिनधास्त भाषांतर करायचं. फक्त शीट पाठवताना पीडीएफ करून पाठवा. वर्डची फाईल दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली की कधी कधी जोडाक्षरं फुटतात, आणि खेळाडूचा पहिला अर्धा तास 'शस्त्र' कुठे लिहिलंय ते शोधण्यात जातो.