नुकताच सर्व्हे झालेली बोट

छोट्या बोटीचा सर्व्हे, म्हणजे विकत घेण्याआधीची तपासणी, हा आमच्या धंद्यात आतबट्ट्याचाच व्यवहार. 16 फुटी ॲल्युमिनियमची वापरलेली बोट इंजिन-ट्रेलरसकट पाच-सहा हजार डॉलरला मिळते. त्यात माझी फी मिळवली की घेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून फोन येतो तो ‘जरा नजर टाकून जाल का?’ असा. नजर टाकणारे इथे पुष्कळ आहेत. अमेरिकेत बोटींचा सर्व्हेअर व्हायला सरकारी परवाना लागत नाही, कार्ड छापलं की झालं. फोटो पाहून घरबसल्या रिपोर्ट लिहिणारा एक महाभाग आमच्याच भागात आहे आणि त्याचं उत्तम चाललंय.

मी मूळचा हर्णैचा. आधी मोठ्या जहाजांच्या इंजिन रूममध्ये होतो, आता मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर बोटी तपासतो. थंडी पडायला लागली की बदकांचे शिकारी येतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने हा विषय मिटला, त्यामुळे सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. इथे 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याला दरवर्षी 25 डॉलरचं ‘डक स्टॅम्प’ नावाचं तिकीट घ्यावं लागतं. 1934 पासूनची ही पद्धत, आणि तो पैसा पाणथळ जमिनी राखण्यासाठी जातो. हे कळल्यावर अवघडलेपण कमी झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही.

मासेमारीच्या बोटीला गवताचा रंग फासला की शिकारीची बोट तयार, अशी घेणाऱ्यांची समजूत असते. पण चालत्या मोटरबोटीतून बार काढायला कायद्याने बंदी आहे. इंजिन बंद हवं आणि बोटीची चालही थांबलेली हवी. म्हणजे जानेवारीत लाटांवर बोट नांगरून पडलेली, कडा पाण्यापासून जेमतेम दीड वीत वर, बदकं दिसताच तिघेही एकाच बाजूला उठणार, आणि त्याच वेळी कुत्रा पाण्यात झेप घेणार. उलटली तर पाणी इतकं गार असतं की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवेनासा होतो.

ही बोट क्रिसफील्डजवळ होती. घेणारा छपरं घालण्याची कामं करणारा तरुण ठेकेदार. विकणारे एक म्हातारे, आधी शाळेची बस चालवायचे. हंगाम संपेपर्यंत ते स्वतःच ती बोट वापरणार होते, सोबतीला नातू. थंडी फार म्हणून म्हातारबा ‘काय उघडायचं ते उघडा’ म्हणून घरात गेले. नातू मात्र माझ्या खांद्याशी उभा राहिला.

आधी मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, उजवीकडे कोरलेला नंबर पाहिला. 1 नोव्हेंबर 1972 नंतर अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक बोटीवर तो 12 अक्षरी नंबर असतो आणि अलीकडच्या बोटींवर त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. जाहिरातीत 2011 होतं, बोटीवर 04. यात नवल काही नाही, वापरलेल्या बोटी जाहिरातीत नेहमीच तरुण होतात. 20 फुटांखालच्या मोटरबोटीवर किती वजन चालेल याची पाटी लावावी लागते. ती रंगाखाली गाडली गेली होती. पात्याने हळूहळू खरवडली तेव्हा आकडे दिसले. माणसं 550 पाउंड. माणसं, मोटर आणि सामान मिळून 850.

मग माझा हिशेब सुरू झाला. मोटर 190. बॅटरी, पेट्रोलची टाकी, गवती आडोशाचा सांगाडा, लांब दोरीला बांधलेली नकली बदकं आणि त्यांची शिशाची वजनं, हे सगळं सहज तीनशे. रबरी वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची विजार) आणि जाड कपडे घातलेली तीन माणसं सहाशेच्या पुढे. वर एक लॅब्राडोर. कागदावरच बोट बुडाली.

त्यात मला तळाचा संशय होता. फळ्यांखाली बोट तरंगती राहावी म्हणून फोम भरलेला असतो, आणि जुना फोम पाणी पितो. हे डोळ्यांना दिसत नाही, ठोकून नक्की कळत नाही. कळतं फक्त वजनाने. ठेकेदाराला बोट ट्रेलरसकट धान्याच्या गोदामावरच्या ट्रकच्या काट्यावर न्यायला लावली, तो वैतागला. बोट मग पाण्यात सोडून रिकाम्या ट्रेलरचं वेगळं वजन घेतलं. कारखान्याच्या माहितीपत्रकातलं वजन, मोटर, बॅटरी सगळं वजा केलं तरी 160 पाउंड उरले. ते पाणी. शिकाऱ्यांच्या आधी बोटीत चढून बसलेला एक जादाचा माणूसच.

परत आणून मागच्या दोन फळ्या उचलल्या. खाली चिखल, पिसं, आणि रिकामी काडतुसं. बार काढला की काडतूस पायाशी पडतं, फळ्यांच्या फटीतून तळाशी जातं आणि तिथेच राहतं. त्याच्या बुडाला पितळ असतं. खारं पाणी, पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. एक काडतूस उचललं तर खाली रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा भुगा होता. बोटाने पुसला. आत खड्डा. टोच्याने अगदी अलगद दाबलं तर टोक आरपार गेलं. असे खड्डे रिवेटच्या ओळीला धरून होते, म्हणजे लाट आपटली की ताण येतो नेमका तिथे.

पोराने ते पाहिलं. ‘हे वाईट आहे का?’ असं त्याने विचारलं.

ठेकेदार मागून मान हलवून मला गप्प राहायला सांगत होता. त्याचंही बरोबर. ज्याने पैसे दिले त्याचा रिपोर्ट, विकणाऱ्याला एक अक्षर सांगायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम, आणि मला तो पटतो. मी पोराला म्हटलं, ‘मी पाहिलं ते तूही पाहिलंस.’ टोच्या त्याच्या हातात दिला आणि दुसरा खड्डा दाखवला. त्याने दाबून पाहिलं आणि काही बोलला नाही.

मोटरच्या तीन सिलेंडरांपैकी एकाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, 85, बाकी दोघांचं 120 च्या आसपास. ठेकेदाराने बोट नाकारली. संध्याकाळी मी त्याला फोन करून म्हटलं, हंगाम संपायला अजून अवकाश आहे, ते दोघं त्याच बोटीतून टँजियर साउंड या खाडीत जाणार, मला म्हाताऱ्यांना सांगू द्या. ‘विचार करतो,’ म्हणाला. दोन दिवसांनी उत्तर आलं: तळाचं सांगा, मोटरचं नको. फेब्रुवारीत भाव पडला की बोट त्यालाच हवी होती, तळ वेल्डिंग करून घेणार होता आणि मोटरवरून घासाघीस करणार होता. जिवाच्या गोष्टीतही अर्धी परवानगी देता येते हे मला नवीन होतं.

म्हाताऱ्यांना फोन केला. तळ, पाणी पिलेला फोम, वजन, सगळं सांगितलं. ‘पोरगं काहीतरी म्हणत होतं,’ ते म्हणाले. ‘गळते थोडी. पंप आहे ना.’ आणि आभार मानून फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात तीच बोट पुन्हा जाहिरातीत आली. फोटो तेच, साल तेच 2011, किंमत शंभर डॉलरने वाढलेली. खाली एक नवी ओळ: ‘व्यावसायिक सर्व्हेअरकडून नुकतीच तपासलेली.’ ओळ खरी आहे. माझं नाव त्यात नाही, त्यामुळे हरकत घ्यायलाही जागा नाही. आणि जो कुणी फोन करेल त्याला मोटरचं मी सांगू शकत नाही, कारण तो रिपोर्ट अजून ठेकेदाराचा आहे. त्याला जाहिरात पाठवली, तर त्याने हसण्याचं चित्र पाठवलं.

तेव्हापासून माझ्या करारपत्रात एक वाक्य जास्त आहे: जिवाला धोका दिसला तर बोट ज्याच्या ताब्यात आहे त्याला सर्व्हेअर तो सांगेल. या आठवड्यात आलेल्या गिऱ्हाइकाने सही करण्याआधी त्यावर पेनाने रेघ मारली. मी काम घेतलं नाही. ते त्या फोटोवाल्याकडे गेलं असं कळलं.