इंटरफेसच्या पोटात एनम

जावात इंटरफेसच्या (क्लासमध्ये कोणत्या मेथड हव्यात ते ठरवणाऱ्या कराराच्या) आत एनम, म्हणजे मोजक्या ठरावीक किमतींचा प्रकार, लिहिता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी वापरायला हात धजावत नाही. खरंतर जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हे उघड्यावर पडलेलं आहे. जावा ८ मधला कलेक्टर इंटरफेस उघडून बघा (स्ट्रीममधून, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या डेटातून, घटक कसे गोळा करायचे ते तो सांगतो), त्याच्या आतच कॅरेक्टरिस्टिक्स नावाचा एनम आहे, त्यात तीनच किमती: कॉन्करंट, अनऑर्डर्ड आणि आयडेंटिटी_फिनिश. ही तिसरी दिली की स्ट्रीम जमा झालेल्याला अंतिम रूप देणारं फिनिशर फंक्शन बोलावतच नाही, जमा झालेला ऑब्जेक्ट थेट कास्ट करून, म्हणजे तो निकालाच्याच प्रकारचा आहे असं मानून, देतो, म्हणजे प्रकार जुळत नसताना ही किंमत लावली तर प्रोग्राम चालताना क्लासकास्ट एक्सेप्शन (प्रकार न जुळल्याची चूक) गळ्यात पडू शकतं. या किमतींना कलेक्टरशिवाय काही अर्थच नाही, मग वेगळी फाइल कशाला?

आत लिहिलेला एनम आपोआप पब्लिक आणि स्टॅटिक होतो, ते शब्द लिहायची गरज नाही, पण प्रायव्हेट लिहिलंत तर कंपायलर लगेच अडवतो. बाहेरून कलेक्टर डॉट कॅरेक्टरिस्टिक्स असं पूर्ण नाव घ्यायचं, आणि जो क्लास इंटरफेस इम्प्लिमेंट करतो त्याला तर इम्पोर्ट न करता नुसतं नाव चालतं कारण ते वारशानेच मिळतं.

फक्त एक कळकळीने सांगते, नुसते कॉन्स्टंट्स कोंबायला रिकामा इंटरफेस बनवू नका. ऑर्डर इंटरफेसला स्टेटस देणारी मेथड असेल तर स्टेटस एनम तिथे शोभतो. तोच एनम पेमेंट आणि रिपोर्टलाही लागायला लागला की सरळ बाहेर काढा.